बाविसावं साम्य

करुवेलूरमध्ये देव दोन, रथ दोन, आणि दोन्ही रथ वळवणारा माणूस एकच. रायप्पन. देवळातली पेरियनायकी अम्मन चैत्रात रथात बसायची, चर्चमधली पेरियनायकी माता ऑगस्टात. दोघींचं नाव एक, दोघींना मोगऱ्याचे हार तितकेच, दोघींचे रथ त्याच चार रस्त्यांवरून देवाला उजवी घालत फिरायचे. आणि दोघी ज्या नाक्यावर येऊन तोंड फिरवायच्या, तो नाकाही एकच.

रथ ओढणाऱ्यांना वाटतं, रथ आपण चालवतो. ओढण्यात काय आहे, बैलही ओढतो. तीन माणसं उंचीचा तो लाकडी डोंगर, त्याला ना सुकाणू ना लगाम. तो वळवायचा पाचरीने. चिंचेच्या लाकडाची हातभर पाचर, एका अंगाने उतरती. चाक फिरत असताना ती वीतभर अंतरावरून चाकाखाली तिरपी सरकवायची आणि हात काढून घ्यायचा. हात काढायला उशीर झाला की हात राहत नाही. रायप्पनच्या बापाचा डावा हात कोपरापासून असाच गेला होता. म्हणून तर हे काम पिढ्यान्पिढ्या चेरीकडे. ऊर म्हणजे गाव, आणि चेरी म्हणजे गावाने स्वतःपासून हातभर लांब ठेवलेली वस्ती. रथाच्या दोराला चेरीतल्या माणसाचं बोट लागलेलं चालायचं नाही. चाकाखाली मात्र अख्खा माणूस चालायचा.

हे देवळाचं झालं. चर्च काही वेगळं असेल असं कोणाला वाटत असेल तर त्याने करुवेलूरला येऊन बघायचं होतं. रायप्पनच्या आजोबांनी पाण्यात डोकं बुडवून घेतलं तेव्हा त्यांना सांगितलं होतं की आता सगळे एका बापाची लेकरं. मग एका बापाच्या लेकरांसाठी चर्चमध्ये डाव्या हाताला वेगळी पडवी बांधली, आणि कबरस्तानात कमरेएवढी भिंत घातली. मेल्यावर लेकरं चुकून एकमेकांत मिसळायला नकोत.

पूर्वेचा रस्ता उतरत उतरत जिथे संपतो, तिथे उजवीकडे दक्षिणेचा रस्ता फुटतो. आणि समोर, अगदी नाकासमोर, एक मोरी ओलांडून चेरीची गल्ली सुरू होते. ऊराचं सांडपाणी जिकडे जातं तिकडेच उतार, त्यामुळे गल्ली खाली खाली जाते. रथ यायचा तो थेट चेरीच्या तोंडावर. मोरीच्या कठड्याला चेरीतली माणसं उभी असायची. रथातली मूर्ती त्यांच्याकडे बघत बघत जवळ यायची, आणि आता येणार असं वाटतंय तोच उजव्या पुढच्या चाकाखाली पाचर सरकायची, रथ करकरत अंग फिरवायचा, आणि चेरीच्या वाट्याला रथाची पाठ यायची. पाचर कोणाची? रायप्पनची. वर्षातून दोनदा, सदतीस वर्षं, आपल्या गल्लीकडे आलेला देव तो स्वतःच्या हाताने वळवत आला होता.

त्याची बायको मदलै त्या कठड्याला चाळीस वर्षं उभी राहिली. हातात मीठ-मिरीची पुडी असायची, मातेच्या पायाशी टाकायची. रथ वळला की पुडी मागच्या चाकावर पडायची. पडली तिथे पडली म्हणायची आणि घरी येऊन मासे रांधायला घ्यायची. त्या वर्षी, म्हणजे ब्याऐंशी साली, फेब्रुवारीत साखरेच्या आजाराने तिचा उजवा पाय गुडघ्यावरून कापला. तेव्हापासून ती दारात बसून असायची, शाळेने मोडीत काढलेल्या एका हाताच्या लाकडी खुर्चीत. गल्लीतलं चौथं घर. खुर्चीतून नाका दिसायचा.

ऑगस्ट लागला. मातेच्या उत्सवाचा झेंडा चढला. रायप्पन पाचरींना तेल चोळत बसला होता. तो म्हणाला, "पंधरा तारखेला चौघांना सांगतो. खुर्चीसकट उचलून नाक्यापर्यंत नेतील तुला."

"कशाला?"

"रथ बघायला."

"रथाची पाठ बघायला," मदलै म्हणाली. "चाळीस वर्षं पायाने जाऊन बघितली. आता उचलून घेऊन जा म्हणता, तीच पाठ बघायला. नको."

तो पाचरींना तेल चोळत राहिला. मदलै फारसं बोलायची नाही, पण एकदा बोलली की त्यावर बोलण्यासारखं काही उरायचं नाही.

त्याच आठवड्यात गावात फादर डॉक्टर अमलदास उतरले. हे रोमहून डॉक्टर होऊन आले होते. चेरीतल्या एका बाईने तापलेलं पोर त्यांच्यासमोर नेलं तेव्हा कळलं की ते त्यातले डॉक्टर नव्हेत. ते धर्मातले डॉक्टर. हिंदू आणि ख्रिस्ती अध्यात्मात आतून कसं एकच पाणी वाहतं, यावर त्यांचा ग्रंथ चालला होता. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षाच्या माळेला लटकवलेला क्रूस, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण उगाचच इतकी वर्षं जेवत होतो असं वाटावं. करुवेलूर त्यांना भलतंच आवडलं. एकच नाव, एकच रस्ते, एकच पाचरवाला. त्यांनी वहीत साम्यं लिहायला घेतली आणि चार दिवसांत एकवीसवर नेली.

शाळेच्या मैदानात सभा भरली. स्टेजवर दोन नाट्टामै, म्हणजे दोन पाटील. देवळाकडचा करुप्पय्या आणि चर्चकडचा इन्नासी. दोघांचे पणजे सख्खे भाऊ. एकाने धर्म बदलला, जमीन कोणीच बदलली नाही. देवळाच्या उत्सवात पहिला मानाचा फेटा इन्नासीला, चर्चच्या उत्सवात करुप्पय्याला. दोघांच्या डोक्याला आत्ताही रेशमी फेटे होते, आणि दोघांच्या तोंडावर मान मिळालेल्या माणसाचा तो जरासा झोपाळू भाव होता.

फादर डॉक्टरांनी एकवीस साम्यं वाचली. अवतार आणि देहधारण. प्रसाद आणि पवित्र भाकर. जपमाळ आणि रोझरी. तीर्थ आणि तीर्थ. भस्म आणि भस्म. मुंडण, कान टोचणं, चांदीच्या पत्र्याचे हातपाय वाहणं. प्रत्येक साम्याला टाळ्या पडत होत्या. चेरीची माणसं मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी होती, तीही टाळ्या वाजवत होती, कारण समोरचे वाजवत होते.

"आणि हा बघा जिवंत पुरावा," फादर डॉक्टर म्हणाले, आणि रायप्पनला वर बोलावलं. "हाच हात अम्मनला वळवतो, हाच हात मातेला. या हाताला कुठे भेद आहे?"

हाताला भेद नव्हताच. खुर्चीला होता, ती कोणी दिली नाही. इन्नासी शाल घेऊन उठला आणि त्याने ती रायप्पनच्या खांद्यावर अशी सोडली, जसं वळणीवर ओलं धोतर टाकतात, बोटं न लावता. टाळ्या पुन्हा पडल्या.

मग फादर डॉक्टरांनी शेवटचं, त्यांच्या मते सगळ्यात खोल साम्य काढलं. "आपले जुने वैष्णव आचार्य सांगून गेले की भक्त दोन प्रकारचे. एक माकडाचं पोर. ते आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून लोंबकळतं, सोडलं की पडलं. दुसरं मांजराचं पिल्लू. ते काहीच धरत नाही. नुसतं पडून म्याव करतं, आणि मांजर येऊन त्याला मानेला धरून घेऊन जाते. आपले ख्रिस्ती संत याच मांजरीला कृपा म्हणतात. ज्याला धरता येत नाही, त्याच्याकडे देव स्वतः चालत येतो."

हे मात्र रायप्पनच्या डोक्यात राहिलं. एवढ्या शेणातून एक दाणा सापडावा तसं.

घरी येऊन त्याने ते मदलैला जसंच्या तसं सांगितलं. मदलै खूप दिवसांनी हसली.

"मांजर पिलाला सात घरं फिरवते," ती म्हणाली. "आपल्या गल्लीत एकदाही आली नाही की हो."

"गोष्ट आहे ती."

"गोष्टच. पण बरोबर आहे. पाय होता तोवर मी माकडाचं पोर होते. धरून धरून गेले नाक्यापर्यंत. आता पाय नाही. आता मी मांजराचं पिल्लू झाले ना?" तिने लुगड्याच्या पदराने मांडीचं थोटूक झाकलं. "जा आणि तुमच्या डॉक्टरसामींना विचारा, मांजर किती वाजता येते. मी दारातच आहे."

थट्टेत म्हणाली, पण रायप्पन तिला ओळखून होता. चाळीस वर्षांत तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फादरांच्या बंगल्याच्या पायरीखाली उभा राहिला. फादर डॉक्टर व्हरांड्यात कॉफी पीत होते.

"सामी, पंधरा तारखेला मातेचा रथ आमच्या गल्लीत आणायचाय. चौथ्या घरापर्यंत. सरकारने सिमेंटचा रस्ता केलाय, तारा वर घेतल्यात. मोरी मी स्वतः बघितली, वजन घेईल."

"माता सर्वत्र आहे, रायप्पा," फादर डॉक्टर प्रेमाने म्हणाले. "ती तुझ्या घरात आत्ताही आहे. रथ हे नुसतं प्रतीक. प्रतीकात अडकू नये."

"मग ऊरातही ती आहेच की, सामी. तिकडे रथ कशाला नेतात?"

फादर डॉक्टर चमकले. मग त्यांचा चेहरा उजळला. "वा! फार खोल प्रश्न आहे हा," ते म्हणाले, आणि त्यांनी वही काढून तो लिहून घेतला. तारीखसुद्धा घातली. मग म्हणाले, "बाकी मी इथला पाहुणा. रथाचं गावच्या फादरांना विचार."

गावच्या फादरांनी सांगितलं, रथ कमिटीचा आहे, आपण फक्त आशीर्वाद देतो. कमिटी म्हणजे इन्नासी. तो गोठ्यासमोर खाटेवर बसला होता.

"काय रे रायप्पा, शाल मिळाली तर एकदम रथच मागायला लागलास?"

"माझी बायको, अय्या. पाय गेलाय तिचा."

"वाईट झालं. पण देवळाचा रथ जातो का तुमच्याकडे? नाही ना? उद्या आपला गेला तर करुप्पय्या काय म्हणेल? गावातला एकोपा मोडायचा का तुझ्या बायकोच्या पायासाठी?"

रायप्पन तसाच करुप्पय्याकडे गेला. करुप्पय्याला आपल्याला विचारलं याचाच आनंद झाला. "चर्चचं मला काय विचारतोस? पण सांगतो. आमचा रथ का येत नाही? कारण चर्चचाही येत नाही. तुमच्या येशूने सगळ्यांना सारखं म्हटलंय, तरी तिथेही रीत आहेच ना? मग आम्ही कोण मोडणारे?"

म्हणजे चर्चचा रथ देवळामुळे येत नव्हता आणि देवळाचा चर्चमुळे. दोन धर्म एकमेकांचा असा आधार घेऊन उभे होते, आणि हे एक साम्य फादर डॉक्टरांच्या वहीत नव्हतं.

रायप्पन घरी आला. मदलैच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला.

पंधरा तारखेला दुपारी चार वाजता रथ निघाला. नव्वद माणसं दोरावर, सगळी ऊरातली. मागच्या चाकांवर रायप्पनचे दोन चुलतभाऊ, उजव्या पुढच्या चाकाजवळ तो. वर निळ्या रेशमात माता, पायाशी गावचे फादर, त्यांच्या शेजारी फादर डॉक्टर कॅमेरा घेऊन. पूर्वेचा रस्ता उतरला. नाका आला. दोरवाल्यांनी नेहमीप्रमाणे दोर उजवीकडे, दक्षिणेच्या रस्त्यात नेला आणि पाचर लागायची वाट बघत ताणून धरला.

गल्लीच्या उताराला, चौथ्या दारात, खुर्ची होती. खुर्चीत मदलै होती. इतक्या लांबून तिचं तोंड दिसत नव्हतं, हातातली पुडी दिसत होती.

रायप्पनने पाचर चाकाजवळ नेली आणि परत घेतली. चुलतभावांकडे बघून मान हलवली. सदतीस वर्षं त्याच्या मानेच्या इशाऱ्यावर चाकं थांबवणाऱ्या त्या दोघांना विचारायचं काही नव्हतं. त्यांनी मागच्या पाचरी उचलल्या.

रथ सरळ गेला. कोणी ओढला नाही, कोणी ढकलला नाही. उतार होता आणि अडवायला कोणी नव्हतं, एवढंच. दोर उलटा खेचला जाऊ लागला तशी नव्वद माणसं आधी घसरली, मग ओरडली, मग दोर सोडून बाजूला झाली. रथ मोरीवर आला. त्याच्यापुढे रायप्पन रथाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत होता. पाचर लावायची, वेग मोडायचा, पाचर उचलायची, दोन पावलं मागे. सबंध आयुष्यात त्याने रथ इतक्या अलगद नेला नव्हता. चौथ्या दारासमोर त्याने दोन्ही चाकांखाली पाचरी सारल्या आणि रथ उभा राहिला.

मदलैने मान वर केली. मातेचं तोंड तिला पहिल्यांदा समोरून, इतकं जवळून दिसत होतं.

"आलीस?" ती म्हणाली. "उशीर केलास गं."

आणि तिने पुडी टाकली. ती बरोबर मातेच्या पायाशी पडली.

रथ मागे ओढणं महापाप, त्याने गावावर संकट येतं. त्यामुळे तो पुढेच न्यावा लागला, सगळी गल्ली पार करून तळ्याच्या बांधावरून पश्चिमेच्या रस्त्याला. ऊरातल्या कोणी चेरीत दोराला हात लावला नाही. मग चेरीतल्यांनी लावला. मातेला ओढणाऱ्या हातांत काही फरक जाणवल्याचं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीसमोर रायप्पन म्हणाला, "हात थरथरला, अय्या. वय झालं." त्याला काढून टाकावं असं सगळ्यांच्याच मनात होतं, पण मग चाकाखाली हात कोण घालणार, यावर सगळे आपापले हात बघत बसले. शेवटी रथालाच शिक्षा झाली. तो हळदीच्या पाण्याने धुतला, मग फादरांनी वर तीर्थ शिंपडलं. धूळ फार बसली होती म्हणाले. हळद करुप्पय्याने पाठवली, टोपलीभर. एवढा बंधुभाव त्या गावात दुष्काळातसुद्धा कोणी पाहिला नव्हता.

आणि पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला दोन्ही कमिट्यांची एकत्र बैठक झाली, गावाच्या इतिहासात पहिली. ठराव झाला की गावातल्या धार्मिक एकोप्याचं स्मारक उभारायचं. दीड पुरुष उंचीचा काळ्या दगडाचा खांब, एका बाजूला ओम, दुसऱ्या बाजूला क्रूस, खाली भक्कम चौथरा. जागा दोन मिनिटांत ठरली. चेरीच्या गल्लीचं तोंड, मोरीच्या बरोबर मध्ये. दोन्ही बाजूंना जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. फादर डॉक्टर उद्घाटनाला आले. स्तंभ कुठे उभा आहे हे त्यांनी बघितलं की नाही कोण जाणे. बहुधा ते तेव्हा वर बघत होते. एकोपा दगडासारखा अचल असावा, असं ते म्हणाले. तेवढा तो होता.

मदलै ईस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यात गेली. झोपेतच गेली. चेरीतल्या सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली आणि मोरीपाशी येऊन उभे राहिले. खांबाच्या कडेने पेटीही जाईल आणि खांदेकरीही जातील एवढी जागा नव्हती. शेवटी पेटी खांद्यावरून उतरवली, एका कुशीवर तिरपी केली, आणि अलीकडच्यांनी पलीकडच्यांच्या हातात दिली. पेटी तिरपी झाली तेव्हा आत काहीतरी सरकलं आणि फळीवर आपटलं. एका पायाच्या माणसाला आत तोल सावरता येत नाही. आवाज सगळ्यांनी ऐकला. रायप्पनने खांबाकडे बघितलं. चेरीकडच्या बाजूला क्रूस होता.

चैत्र आला. करुप्पय्याचा निरोप आला.

"हात थरथरतो म्हणावं," रायप्पनने सांगितलं. "गेल्या वर्षी बघितलं ना सगळ्यांनी."

मग शेजारच्या तालुक्यातून एक पाचरवाला आणला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला हा उतार माहीत नव्हता. नाक्यावर त्याने पाचर वीतभर उशिरा टाकली. ती चाकाखाली चेपली, दुसरी टाकली तीही चेपली, आणि रथ पुढची दोन्ही चाकं उताराच्या ओठावर ठेवून जो बसला तो बसलाच. दोनशे माणसांनी उजवीकडे ओढून बघितलं. रथ नुसता कलला. तसा तो पाचरवाला पाचरी तिथेच टाकून बस पकडून गेला. फेरी पूर्ण झाल्याशिवाय अम्मनला उतरवायचं नाही अशी रीत. रीतीचे तर सगळे पक्के. तीन दिवस पेरियनायकी अम्मन चेरीकडे तोंड करून उन्हात उभी राहिली, आणि मध्ये तो खांब.

तिसऱ्या दिवशी दोघे नाट्टामै चेरीत आले. जन्मात पहिल्यांदा. आपल्याच खांबाच्या कडेने, पोट आत घेऊन, एकामागून एक. रायप्पन दारात जमिनीवर बसला होता. शेजारी एका हाताची खुर्ची रिकामी होती. त्याने उठून कोणालाही तीत बस म्हटलं नाही.

"रायप्पा," करुप्पय्या म्हणाला, "झालं गेलं सोड. देवीचं काम आहे."

"रथ वळवून दे," इन्नासी म्हणाला. "तुमच्या-आमच्यात भेद कधी केलाय का आम्ही? आता बघ, ही तर माझी देवीही नाही, तरी मी आलोच ना?"

रायप्पन उठला. त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत गेला, रथाखाली आडवा झाला, चाकाला कान लावल्यासारखं बराच वेळ पडून राहिला. मग बाहेर येऊन हात झटकले.

"वळणार नाही. आस दबलाय. सरळ जाईल."

"सरळ म्हणजे?"

त्याने गल्लीकडे बोट केलं.

"खरं सांगतोयस का रे?" इन्नासीने विचारलं.

"दुसऱ्या कोणाला तरी विचारा, अय्या. फादर डॉक्टरांना विचारा. त्यांच्या वहीत असेल."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांपैकी कोणीही आयुष्यात रथाखाली वाकून बघितलं नव्हतं, आणि रायप्पनला ते चांगलं ठाऊक होतं.

"आणि हा खांब?" करुप्पय्याने विचारलं.

"खांब मी नाही उभा केला."

पहारी ऊरातल्यांनाच उचलाव्या लागल्या. चेरीतली माणसं कठड्यावर बसून बघत राहिली, पाणी मागितलं तर पाणी दिलं. चौथरा फोडायला अख्खी सकाळ गेली. खांब पडला तेव्हा ओम आणि क्रूस एकाच धडाक्यात खाली आले. फादर डॉक्टरांचा ग्रंथ पुढच्या वर्षी निघाला, त्यात बाविसावं साम्य आहे: करुवेलूरमध्ये दोन्ही धर्मांचे रथ प्राचीन प्रथेनुसार दीनदुबळ्यांच्या दारी जातात. खाली टीप आहे, लेखकाने स्वतः पाहिले.

रथ हलला तो दुपारी. चुलतभाऊ मागच्या चाकांवर, रायप्पन पुढे उलट्या पावलांनी. पाचर लावायची, उचलायची, दोन पावलं मागे. रथावर आता मातेचं निळं रेशीम नव्हतं, अम्मनचं पिवळं होतं. चौथ्या दारासमोर आल्यावर त्याने दोन्ही पाचरी सारल्या. रथ थांबला. दारात खुर्ची होती. रायप्पन वर बघत नव्हता, खुर्चीकडेही बघत नव्हता. चाकाला हात लावून नुसता वाकून उभा होता.

मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"काय झालं रे?" मागून करुप्पय्याने विचारलं. "का थांबवलास?"

"चाक तापलंय, अय्या," रायप्पन म्हणाला. "जरा निवू दे."